आज्जी, खुर्ची आणि फोनचा कॅमेरा

बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी हे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते, की बोलले तेच लिहिलंय, फक्त मधले "अं... म्हणजे" काढून टाकलेत.

आज मला एका गेमबद्दल बोलायचंय. हा गेम प्ले स्टोअरवर शोधू नका, सापडणार नाही. त्याला एकच युजर होता आणि त्या युजरचं वय होतं ७४. माझी आज्जी.

मी बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर मी पैसे भरायच्या स्क्रीनवरची बटणं इकडून तिकडे सरकवते. घर कराडजवळच्या गावात. आई, बाबा आणि आज्जी तिथे असतात. गेल्या वर्षी जूनमध्ये आज्जी न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले सगळं छान. पण छान नव्हतं. समोरच्या मारुतीच्या देवळात ती रोज संध्याकाळी जायची, ते बंद झालं. देवळाला तीनच पायऱ्या आहेत. विचारलं की म्हणायची, "नको गं बाई. परत पडले म्हंजे?"

ही भीती साधी नसते. पडायच्या भीतीनं माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की पाय अशक्त होतात, आणि पाय अशक्त झाले की पडायची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात सगळ्यात जास्त प्रमाण साठीच्या पुढच्यांचं असतं. आपल्याकडे मात्र "वय झालं, पडायचंच" असं म्हणून आपण विषय मिटवतो.

आता माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मला आठवलं, हातवारे करून खेळायचे गेम्स असतात की! २००६ मध्ये निन्टेंडोचं 'वी' आलं. हातातल्या रिमोटमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर. तो फिरवला की पडद्यावरची टेनिसची रॅकेट फिरते. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमध्ये या वीवर बोलिंगच्या स्पर्धा भरायला लागल्या. पुढे त्याचा बॅलन्स बोर्ड आला. दिसायला वजनकाट्यासारखा, चार कोपऱ्यांत चार सेन्सर, तुमचा भार कुठल्या पायावर जास्त आहे ते सांगणारा. मग २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं 'कायनेक्ट' आलं. त्यात हातात काहीच धरायचं नाही. ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त ठिपके खोलीभर पसरायचं, त्यावरून प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते काढायचं आणि तुमच्या शरीराचे २० सांधे ओळखायचं. फिजिओथेरपीवाल्यांनी ते उचलून धरलं. २०१७ मध्ये कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं. पण तोवर हे काम साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात येत चाललं होतं. आज गूगलचं मीडियापाइप नावाचं मोफत सॉफ्टवेअर फोनच्या साध्या कॅमेऱ्यातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. म्हणजे तुमच्या खिशात जे आहे ते पुरतं.

मग काय, दोन शनिवार-रविवार बसले आणि गेम केला. पडद्यावर रंगीत फुगे येतात, हात नेऊन ते फोडायचे. पटकन फोडले तर जास्त गुण. फोन टीव्हीखालच्या कपाटावर उभा केला आणि वायरनं टीव्हीला जोडला, कारण फोनच्या पडद्यावरचं आज्जीला दिसत नाही.

"पोरी, हे माझ्याकडं काय बघतंय?" हा पहिला प्रश्न. पण पहिला फुगा फुटला आणि ती लहान मुलासारखी हसली. शेजारच्या काकू बघायला आल्या. पहिल्या दिवशी ४० गुण, तिसऱ्या दिवशी ११०. मी ऑफिसमधल्या सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. फार शहाणी झाले होते मी.

चौथ्या दिवशी आज्जीला शोध लागला की फुगे खुर्चीत बसूनही फोडता येतात. तेवढेच गुण! ही चलाखी वीच्या काळापासूनची आहे. लोक सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवायचे आणि टेनिस जिंकायचे. मी म्हटलं, "आज्जी, उभं राहून खेळायचं." ती उभी राहिली. डावीकडे वर एक फुगा आला, त्याला जास्त गुण होते, ती झपकन वळली आणि पायाखालची सतरंजी सरकली.

पडली नाही. आई मागेच होती, तिनं दंड धरला. पण आज्जीचा चेहरा मी पाहिला, तो न्हाणीघरातल्या दिवसाचा चेहरा होता. आई मला एवढंच म्हणाली, "बंद कर ते."

त्या रात्री मी माझाच कोड परत वाचला. 'पटकन फोडले तर जास्त गुण' ही ओळ मीच लिहिली होती. तिला घाई करायला मीच शिकवत होते. आपण जे गेम खेळत मोठे झालो त्यात वेगाला बक्षीस असतं, म्हणून माझ्या हातून तेच उतरलं.

पुढच्या आठवड्यात कराडला ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे आज्जीच्या मनगटाचे व्यायाम चालले होते, त्यांना मी गेम दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यात पाय कुठायत?"

मी म्हटलं, पाय नीट ओळखू येत नाहीत, आज्जी नऊवारी नेसते, गुडघ्याचे बिंदू सारखे उड्या मारतात. म्हणून हातांचा गेम केला.

त्या म्हणाल्या, "हातांनी कुणी पडत नाही, बाळा. पायांनी पडतात."

मंडळी, हे वाक्य मला अजून टोचतं. कॅमेऱ्याला जे सोपं दिसत होतं ते मी मोजलं. आज्जीला जे हवं होतं ते पदराआड, निऱ्यांआड राहिलं.

घरी येऊन मी वाचायला बसले. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. निष्कर्ष असा की व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. पण कुठल्या व्यायामानं? मुख्यतः तोल सांभाळायच्या आणि रोजच्या कामांतल्या हालचालींच्या. उठणं, बसणं, पायरी चढणं, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. हालचालींच्या गेम्सवरही अभ्यास झालेत, तोल सुधारल्याचं काहींमध्ये दिसतं, पण बरेचसे अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. म्हणजे 'गेम' या शब्दात जादू नाही. त्या गेममध्ये शरीर काय करतं, ते महत्त्वाचं.

ताईंनी आज्जीची एक चाचणी घेतली. खुर्चीत बसायचं, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहाच्या आत जमलं तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात. आज्जीला जमलं सहा वेळा. फुग्यांचे ११० गुण मिळवणाऱ्या माझ्या आज्जीला, सहा वेळा.

मग दुसरा गेम लिहिला. यात एकच हालचाल, खुर्चीतून उठणं आणि परत बसणं. गुडघे दिसत नाहीत ना? नको दिसू देत. खांदे तर दिसतात. सुरुवातीला तीन सेकंद उभं राहायचं, तीन सेकंद बसायचं. त्या दोन उंचींच्या मधला खांद्यांचा प्रवास म्हणजे शून्य ते शंभर. एक गंमत झाली. उठण्याआधी माणूस पुढे झुकतो, तेव्हा खांदे बसलेल्या उंचीच्याही खाली जातात आणि गेम गोंधळतो. म्हणून बसलेल्या उंचीच्या खालचं सगळं सोडून द्यायला सांगितलं.

पडद्यावर काय दाखवायचं हे आज्जीनंच ठरवलं. ती म्हणाली, "हे तर आडातनं पाणी शेंदल्यासारखं आहे." मग पडद्यावर आड आला, दोर आला, पोहरा आला. आज्जी बसते तसा पोहरा खाली जातो, उठते तसा वर येतो. धपकन बसली तर पोहरा आपटतो, पाणी सांडतं, अर्धाच भरून वर येतो. सावकाश बसली तर काठोकाठ. गुण उठाबशांचे नाहीत, पाण्याचे. घाई केली की नुकसान.

पहिल्याच दिवशी तिनं माझी चूक काढली. "दोर असा एकदम सोडत नाहीत गं, हात सोलून निघतात. आधी हळू, मग जरा सोडायचा, आणि पाण्याला टेकताना परत हळू." मी तिच्यासमोर बसून आकडे बदलले. आयुष्यात इतकं नेमकं फीडबॅक मला कुठल्या मॅनेजरनं दिलं नाही.

तुम्हीही करून बघा. आत्ता. बसमध्ये असाल तर घरी गेल्यावर. हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठा आणि बसताना मनात सावकाश तीन मोजा. मांड्या बोलायला लागतील. हळू बसताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता वजन पेलत असतात. पायरी उतरताना हीच ताकद लागते.

घरी कुणासाठी असं काही करणार असाल तर ताईंनी आम्हाला घातलेले नियम सांगते. आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा, विशेषतः गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. काहींना उठल्यावर चक्कर येते, म्हणून उभं राहिल्यावर क्षणभर थांबायचं. खुर्ची चाकांची नको, हातांची हवी आणि पाठ भिंतीला टेकवलेली. सतरंजी, पायपुसणं, चार्जरची वायर सगळं बाजूला. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि बाजूला एक माणूस हवाच. फोन मोजतो, पण पडणाऱ्याचा दंड धरत नाही. आमच्याकडे तो माणूस म्हणजे आई. कॅमेऱ्याच्या मागे दार उघडं नको असं मी सांगत होते, कारण उजेड समोर आला की बिंदू हरवतात, असंही नाही. दार आज्जीच्या पाठीमागे असलं की ते हरवायचे. ही गोष्ट मला सोडून सगळ्या घराला आधी कळली होती.

तीन महिन्यांनी परत चाचणी झाली. सहाचे नऊ झाले. अजून सरासरीच्या खालीच. ताई म्हणाल्या, "चालू ठेवा." मी म्हटलं, ठेवतोय की.

आणि मग फेब्रुवारीत मला दिसलं की गेम उघडलाच जात नाहीये. आठवडाभर शून्य. मी घाबरून आईला फोन केला, आज्जी बरी आहे ना? आई म्हणाली, "बरी आहे की. फोनमध्ये जागा नव्हती, लग्नाचे फोटो येत नव्हते, म्हणून तुझं ते काढून टाकलं."

"मग व्यायाम?"

"सकाळी कुकर लावला की खुर्ची ओढून बसतात आत्या. तीन शिट्ट्या होईपर्यंत पोहरा."

आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात माहितीये? युजर गेला. ऑफिसात असा आकडा आला असता तर मीटिंग लागली असती. मला खरं सांगायचं तर आधी वाईटच वाटलं, दोन महिन्यांची मेहनत लग्नाच्या फोटोंसाठी उडाली. मग मार्चमध्ये घरी गेले. संध्याकाळी आज्जी पायात चप्पल सरकवत होती. मी उठले तर म्हणाली, "तू बस, तुझी आई येते." दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मी दारातून बघत होते. देवळाचा कठडा डाव्या हातानं धरून ती चढली तीन पायऱ्या. उतरताना प्रत्येक पायरीला थांबली. आधी हळू, मग जरा सोडून, आणि टेकताना परत हळू.

तर हा होता आजचा भाग. तुमच्या घरी आज्जी-आजोबा असतील तर या रविवारी त्यांना ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा, बाजूला उभं राहून. आणि आकडा काय आला ते मला नाही कळवलं तरी चालेल, त्यांच्या डॉक्टरांना नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!