जुना संगणक द्यायचा कुठे?



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरतो. गल्लीत कबाडीची हाक आली की शे-दोनशे रुपयांत तो निघून जातो. पुढे त्याचं काय होतं, हे आपण विचारत नाही.

जुन्या, पाठीमागून फुगीर अशा मॉनिटरचं सांगते. त्यात काचेची मोठी नळी असते आणि तिच्या मानेवर तांब्याच्या तारेची गुंडाळी. कामाची तेवढीच. हातोडीच्या घावानं मान तोडली जाते, तांबं निघतं, काच उकिरड्यावर पडते. त्या काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं. वायरी सोलत बसायला वेळ नसतो, म्हणून ढीग करून पेटवतात. तो विषारी धूर सगळ्यात आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो. त्या माणसाला मी दोष देणार नाही. कुठल्या सुट्या भागात काय दडलंय हे तो आपल्यापेक्षा चांगलं ओळखतो. हातमोजेसुद्धा न देता आपण त्याच्याकडून हे काम करून घेतो, याचं मला वाईट वाटतं.

ई-कचऱ्याचे नियम देशात 2012 पासून लागू आहेत. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नव्या नियमांनुसार यंत्र बनवणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी आहे: ठरावीक वजनाच्या कचऱ्यावर नोंदणीकृत कारखान्यात प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं तिला घ्यावी लागतात. म्हणून आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि ‘नागपुरात जुनं यंत्र कुठे जमा करता?’ असं स्पष्ट विचारा. उत्तर नाही मिळालं, तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. ‘आम्ही ई-कचरा घेतो’ असा नुसता फलक पुरेसा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडच्या नोंदणीचा कागद मागा.

उपराजधानीच्या या शहरात कचेऱ्या आणि कॉलेजं भरपूर. वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेला तर ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच देणं बंधनकारक आहे. तरी लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला माल देऊन मोकळं व्हायचं, ही सवय सुटत नाही. ती सुटायला हवी.

घरच्या दोन वस्तूंसाठी ई-कचरा नेणारी गाडी बहुधा येत नाही. सोसायटीतल्या सगळ्या घरांचं सामान एकत्र करा. फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही, हार्ड डिस्क काढून घ्या. आणि बॅटरी फुगलेला लॅपटॉप ढिगात टाकू नका. दाबला गेला तर पेट घेतो. तो वेगळा द्या, आणि देताना तसं सांगा.