जुनी मोटार विकतांना

जुनी वस्तु विकण्याचे प्रसंग गृहस्थाच्या संसारांत पुष्कळ येतात. रद्दी तागडींत पडली आणि पैसे हातीं आले, कीं त्या रद्दीशीं घराचा संबंध सरला. जुनें कपाट हातगाडीवर चढलें, कीं त्याचें पुढें काय झालें याची चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. मोटारीचें मात्र तसें नाहीं. मोटार दाराबाहेर गेली, तिची किल्ली परक्याच्या खिशांत पडली, पैसे बँकेंत जमा झाले, तरीहि ती मोटार विकणाऱ्याचीच राहिलेली असूं शकते. व्यवहारांत जी विक्री पुरी झाली असें वाटतें, ती कायद्याच्या दृष्टीनें अर्धीच झालेली असते. आणि मध्यस्थावांचून परस्पर मोटार विकणाऱ्याला खरा धोका असतो तो या उरलेल्या अर्ध्या भागांत.

याचें कारण समजून घेणें अवघड नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ‘मालक’ या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे. हप्त्यांच्या करारासारखे कांहीं अपवाद सोडले, तर ज्याच्या नांवावर वाहनाची नोंद आहे तोच त्याचा मालक, असें ती व्याख्या सांगते. पैसे कोणीं मोजले, किल्ली कोणापाशीं आहे, पेट्रोल कोण भरतो, हे प्रश्न तिच्या लेखीं गौण आहेत.

सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निकालांत काढलेलें एक प्रकरण या दृष्टीनें मनन करण्याजोगें आहे. एका गृहस्थानें आपली मोटार २००७ सालीं विकली. घेणाऱ्यानें ती दुसऱ्यास दिली, दुसऱ्यानें तिसऱ्यास. मोटार अशी हातोहात फिरत राहिली. नोंदवहींतलें नांव मात्र पहिल्याचेंच राहिलें. २००९ सालीं त्या मोटारीखालीं सांपडून एका मुलाचा मृत्यु झाला. भरपाई कोणीं द्यावी, असा वाद उभा राहिला. उच्च न्यायालयानें पुढच्या एका खरेदीदारावर ती जबाबदारी टाकली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून नोंदलेल्या मालकासच उत्तरदायी ठरविलें. ज्याचें माणूस गेलें, त्यानें विक्रीच्या न नोंदलेल्या साखळीचा माग काढीत दारोदार कां फिरावें, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. आणि तो न्याय्यच म्हटला पाहिजे. परंतु ज्या मोटारीवर दोन वर्षें आपली सत्ता उरली नव्हती, तिच्या अपराधाचा भार शिरावर आला, तेव्हां त्या गृहस्थास काय वाटलें असेल!

अशी वेळ येते ती बहुधा भिडेमुळें. गिऱ्हाईक गोड बोलणारें असतें. तें म्हणतें, “काका, कचेरीच्या खेपा आपण कशाला घालतां? आपण फक्त सह्या करून ठेवा. बाकीचें मी पाहून घेतों.” वयस्क विक्रेत्यास हें सौजन्य वाटतें. पैसे तर मिळालेच आहेत, मग अविश्वास दाखवून मन कां दुखवावें, अशा विचारानें तो कोऱ्या नमुन्यांवर सह्या करतो. घेणारा स्वतःच जुन्या मोटारींचा व्यापार करणारा असला, तर ते कोरे कागद त्यास फार सोईचे पडतात. मोटार आपल्या नांवावर न चढवितां पुढचें गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो ती तशीच वापरतो. व्यापाऱ्यानें विक्रीसाठीं घेतलेल्या वाहनाची खबर परिवहन कचेरीस द्यावी, असा नियम २०२३ च्या एप्रिलपासून अंमलांत आला आहे. परंतु जो स्वतःस व्यापारी म्हणवीतच नाहीं, त्याला तो नियम बांधणार कसा?

यावरचा उपाय कायद्यानेंच सांगून ठेवला आहे. नमुना क्रमांक २९ ही विक्रीची सूचना आहे, आणि नमुना क्रमांक ३० हा नांव बदलण्याचा अर्ज आहे. वाहन त्याच राज्यांत राहणार असेल, तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कचेरीस कळविलें पाहिजे. मोटार परराज्यांत जाणार असेल, तर नमुना क्रमांक २८ चें ना-हरकत पत्र लागतें. कर्ज काढून घेतलेल्या मोटारीवरचा बोजा आधीं उतरवावा लागतो. त्यासाठीं नमुना क्रमांक ३५ आणि बँकेचें पत्र हवें. हे सर्व कागद पूर्ण भरूनच सही करावी आणि त्यांच्या प्रती जपून ठेवाव्या. किल्ली देतांना दिवस आणि वेळ लिहिलेली ताबापावती उभयतांच्या सह्यांनीं करून घ्यावी. आणि नवें नांव खरोखर नोंदलें गेलें, हें आठ-पंधरा दिवसांनीं स्वतः पाहावें. पाहण्यास कचेरींत जावें लागतें असेंहि आतां नाहीं. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तें घरबसल्या कळतें.

आतां पैशाचा विचार. भ्रमणध्वनीवर पैसे मिळाल्याचें चित्र दाखविलें म्हणजे पैसे मिळाले असें होत नाहीं. आपल्या खात्यांत रक्कम दिसल्यावांचून किल्ली देऊं नये. कित्येक भामटे ‘पैसे पाठवितों, एवढा पिन घाला’ असें सांगतात. पिन लागतो तो पैसे देण्यास. घेण्यास तो कधींच लागत नाहीं. एवढें एक वाक्य घरांतल्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवलें, तर पुष्कळ अनर्थ टळतील. रोख रकमेचा मोहहि आवरावा. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारांत रोखीनें घेण्यास आयकर कायद्याची २०१७ पासून बंदी आहे, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊं शकतो.

कांहीं बाबी दिसावयास किरकोळ, पण त्रासदायक आहेत. समोरच्या कांचेवरचा फास्टॅग विक्रेत्याच्या खात्याशीं जोडलेला असतो. तो काढून बंद केला नाहीं, तर दुसऱ्याच्या प्रवासाचा पथकर आपल्या खात्यांतून जात राहतो. जुने दंड आधींच भरून टाकावे. विम्याचें पत्र खरेदीदाराच्या नांवें करून घेण्याविषयीं त्यास बजावावें; त्यासाठीं त्याला १४ दिवसांची मुदत आहे. मात्र अपघाताची मागणी न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही मोटारीची नसून मालकाची असते. तिचा दाखला विमा कंपनीकडून घेऊन ठेवल्यास पुढच्या मोटारीस ती उपयोगीं पडते. मोटार चालवून पाहूं इच्छिणाऱ्याचा परवाना आधीं पाहावा, आणि त्याच्या शेजारीं आपलें माणूस बसवावें.

शेवटीं विकणाऱ्याच्या स्वतःच्या सचोटीविषयीं. घेणाऱ्यानें पारखून घ्यावें, हा बाजाराचा न्याय खरा. परंतु मैलमापकाचे आंकडे मागें फिरविणें, किंवा विचारलें असतां अपघात झालाच नाहीं असें सांगणें, ही लबाडी होय, आणि कायदाहि तिला लबाडीच मानतो. मोटारींत जे दोष ठाऊक असतील ते करारपत्रांत लिहून द्यावे. किंमत कदाचित् थोडी उतरेल. पण पुढें कोणी भांडण घेऊन दारीं आला, तर तोच कागद विक्रेत्याची ढाल होईल.

भीड ही भिकेची बहीण, असें वडील माणसें म्हणत आलीं आहेत. चोख कागद मागण्यांत घेणाऱ्याचा अपमान नाहीं; उलट त्यांत त्याचेंहि रक्षण आहे. मोटार अंगणांतून गेली म्हणजे ती विकली गेली असें नव्हे. नोंदवहींतून आपलें नांव गेलें म्हणजेच ती विकली गेली. तोंपर्यंत विक्रेत्यानें निश्चिंत होऊं नये.