टॉमचाचा म्हणायचं कोणाला?

(युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला, साहित्याचा विद्यार्थी नाही. तरी ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवर बोलायला मीच पुढे आलो, कारण तिचा मी एक गुन्हेगार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा, निवृत्त शिक्षक, शांतता कमिटीच्या बैठकीत फार सौम्य बोलले. मला राग आला. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, ‘आपल्या मोहल्ल्याचा अंकल टॉम.’ पोरांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. ‘सरकारी मुसलमान’ म्हणायचं होतं, पण इंग्रजीत ते जरा शिकल्यासारखं वाटलं. पुस्तक मी उघडलंसुद्धा नव्हतं.

आता पुस्तकाबद्दल. अमेरिकेत 1850 साली फरारी गुलामांचा कायदा झाला. गुलामगिरी बंद असलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतही पळून आलेल्या गुलामाला आसरा देणं गुन्हा ठरलं. हॅरिएट बीचर स्टोव्ह या पाद्र्याच्या मुलीनं चिडून लिहायला घेतलं. कादंबरी 1851 पासून एका साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1852 मध्ये पुस्तक निघालं. पहिल्याच वर्षी अमेरिकेत सुमारे 3 लाख प्रती खपल्या.

कथा अशी. केंटकीतला एक ‘भला’ मालक कर्जात बुडतो आणि टॉमला व एलायझाच्या लहानग्या मुलाला विकायचं ठरवतो. एलायझा मुलाला कडेवर घेऊन ओहायो नदीवरच्या बर्फाच्या लाद्यांवरून पळते. टॉम पळत नाही. आपण गेलो तर आपल्या बदल्यात बाकीचे सगळे विकले जातील, हा त्याचा हिशोब. पण एलायझानं जायलाच हवं, असंही तोच म्हणतो.

शेवटी तो लुइझियानातल्या लेग्री नावाच्या मालकाच्या मळ्यावर पोचतो. एक आजारी बाई कापूस वेचताना मागे पडते, टॉम आपल्या पोत्यातला कापूस तिच्या पोत्यात टाकतो. लेग्री त्याला हुकूम देतो, हिला फटके मार. टॉम नकार देतो. फटके स्वतः खातो. पुढे दोन स्त्रिया पळून लपतात. त्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं आणि तो सांगत नाही. त्याबद्दल त्याला मरेपर्यंत मारतात.

हा आहे अंकल टॉम. खबर न देणारा माणूस! इथे मी पुस्तक खाली ठेवलं आणि ग्रुपवरचा माझा तो मेसेज शोधत बसलो.

मग हे नाव शिवी कसं झालं? बराच दोष नाटकांचा. कादंबरीतला टॉम दणकट, रुंद छातीचा, लहान मुलांचा बाप आहे. पुढे गावोगाव ‘टॉम शो’ निघाले, गोरे नट तोंडाला काळं फासून नाचले आणि टॉम झाला वाकलेला, लाचार म्हातारा. माझ्यासारख्यांनी पुस्तकाऐवजी तो म्हातारा उचलला.

पण स्टोव्हबाईंनाही मी सगळं माफ करत नाही. जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकानं 1949 मध्ये या कादंबरीच्या भावविवशतेवर कडक टीका केली, ती वाचाच. टॉमला राग जवळपास येतच नाही. वाचकाला दया यावी म्हणून माणसाचा राग काढून घ्यायचा, हा व्यवहार मला खटकतो. आपल्याबद्दल सहानुभूतीनं लिहिणारेही कधीकधी असंच करतात.

इंजिनिअर म्हणून मला जवळचा वाटला एलायझाचा नवरा, जॉर्ज हॅरिस. तो ताग साफ करायचं यंत्र बनवतो. कौतुक झालेलं मालकाला सहन होत नाही. तो त्याला कारखान्यातून काढून शेतावर राबायला लावतो. प्रत्यक्षातही 1858 मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनं मत दिलं की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही. हाच हुशार जॉर्ज शेवटी लायबेरियाला पाठवला जातो. ‘तुमच्यासाठी तिकडे देश आहे’ हे ऐकायची सवय आपल्यालाही आहे, म्हणून तो शेवट मला टोचला. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं कादंबरीची तारीफ केली, पण आम्ही इथेच राहणार, हेही स्टोव्हबाईंना कळवलं.

गुलामांमध्ये मुसलमानही होते. सेनेगलच्या भागातले उमर इब्न सैद 1807 मध्ये पकडून अमेरिकेत विकले गेले. 1831 मध्ये त्यांनी अरबीत आत्मचरित्र लिहिलं आणि सुरुवात केली सूरह मुल्कनं. सत्ता अल्लाहची आहे, असं सांगणारी सूरह. आणि लिहिणारा माणूस कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचा. मरेपर्यंत गुलामच राहिले.

आपल्याकडची बाजूही झाकू नका. मलिक अंबरचं नाव आपण अभिमानानं घेतो, पण तो लहानपणी विकला गेला होता, एकदा नव्हे, अनेकदा, आणि विकत घेणाऱ्यांत मुसलमान होते. सौदी अरेबियात गुलामगिरी बंद झाली 1962 मध्ये. स्टोव्हबाई आपल्याच पाद्र्यांना धारेवर धरतात, बायबलचे दाखले देऊन गुलामगिरी पवित्र ठरवणाऱ्यांना. तेवढी हिंमत आपल्यात आहे का, हे चर्चेत बोलू. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना, तीही पुढच्या वेळी वाचायची आहे.

राहिली चाचांची गोष्ट. मी घरी जाऊन माफी मागितली. मेसेज त्यांच्यापर्यंत कधीच पोचला होता. चहा झाला, आणि मी निघताना ते म्हणाले, “बेटा, ते पुस्तक देऊन जा.” प्रत अजून त्यांच्याकडेच आहे. आज मी मोबाइलवर वाचून आलोय.