मठाचा कारभार आणि तरुण पिढी



धारवाडच्या पश्चिमेस, गोव्याच्या वाटेवर, केलगेरीचा तलाव आहे. तलाव एकदा बांधला म्हणजे काम संपले असे होत नाही. पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, बांधावर नजर ठेवावी लागते, साचलेला गाळ वेळच्या वेळी काढावा लागतो. मठाचेही तसेच आहे. पूर्वजांनी तो स्थापिला; परंतु त्याची राखण प्रत्येक पिढीने नव्याने करावयाची असते.

उत्सवाच्या दिवशी पालखीला खांदा देणारे, पंक्तीत वाढणारे, रात्री उशिरापर्यंत भांडी घासणारे हात बहुधा तरुणांचे असतात. परंतु विश्वस्तांची बैठक भरते तेव्हा तेच तरुण दाराबाहेर उभे असतात. सेवा त्यांची आणि निर्णय मात्र वडिलांचे, ही वाटणी अनेक मठांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. तीमागे वडिलांचा दुष्ट हेतू नाही. मठाच्या द्रव्याविषयी वाटणारी काळजीच आहे. तथापि या वाटणीचा परिणाम कोणता होतो, याचा विचार झाला पाहिजे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यास, बेंगळुरूस गेलेल्या मुलास मठ हा आपल्या आईवडिलांचा मठ वाटू लागतो. एकदा असे वाटू लागले की तो दर्शनास येतो, देणगी देतो. पण भार उचलण्यास येत नाही.

वस्तुतः तरुणांवर विश्वास टाकणे मठपरंपरेस मुळीच नवे नाही. प्रत्यक्ष पीठच परंपरेने तरुणांच्या स्वाधीन केले आहे. १४७५ साली स्थापन झालेल्या गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठाचे उदाहरण घ्यावे. श्रीमद् विद्याधिराज तीर्थ स्वामीजींनी २०१७ साली श्रीविद्याधीश तीर्थ यांस शिष्य म्हणून स्वीकारिले, तेव्हा ते ऐन विशीत होते. २०२१ साली गुरूंचे महानिर्वाण झाले आणि मठाची सर्व धुरा शिष्याकडे आली. पुढे २०२५ साली त्यांच्याच काळात मठाचा साडेपाचशे वर्षांचा महोत्सव संपन्न झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, गुरू विद्यमान असतानाच शिष्याची निवड झाली आणि त्यास चार वर्षे गुरूंच्या सन्निध राहावयास मिळाली. अधिकार आणि शिक्षण यांची जोडी परंपरेने घालून दिली आहे, ती अशी.

उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचा वृत्तांतही असाच बोधप्रद आहे. श्रीलक्ष्मींद्र तीर्थ हे १९१९ साली अज्ञान वयातच पीठावर आले. वयात आल्यावर १९२६ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा मठ कर्जात बुडालेला होता. १९३० पर्यंत या तरुण यतींनी त्या कर्जाचा बराच भाग फेडला. १९३१ मध्ये पर्यायाची पाळी आली आणि त्या खर्चापायी पुन्हा कर्ज काढावे लागले. १९४६ मधील दुसऱ्या पर्यायाच्या वेळी युद्धानंतरची टंचाई व महागाई यांमुळे ते लाखाच्या घरात गेले. शासनाच्या धर्मादाय मंडळाने हस्तक्षेप केला, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निर्णय झाला : धर्माचरणात संप्रदाय स्वतंत्र आहे, मालमत्तेची व्यवस्था मात्र कायद्याच्या नियमनाखाली येऊ शकते. या वृत्तांतात तरुण वय कोठेच आड आलेले दिसत नाही. आड आला तो वारंवार येणाऱ्या मोठ्या खर्चाचा भार. यास्तव कारभारी तरुण की वृद्ध, या प्रश्नापेक्षा जमाखर्च वेळेवर व उघडपणे मांडला जातो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

याच प्रांतातील दुसरे उदाहरण गृहस्थांचे आहे. १९१६ साली बेळगावात कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था उभी राहिली. लोक ज्यांस आदराने सप्तर्षी म्हणतात त्या संस्थापकांपैकी शि. शि. बसवनाळ यांचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. या मंडळींनी वडीलधाऱ्यांशी भांडण मांडिले नाही. शिक्षणासाठी आधीच्या पिढीत झटलेल्या गिलगंची गुरुसिद्दप्पा व अरटाळ रुद्रगौडा यांचीच नावे संस्थेच्या शाळेस देण्यात आली. नव्यांनी पुढे होणे म्हणजे जुन्यांस दूर सारणे नव्हे, याचे याहून चांगले प्रमाण कोणते असावे?

तेव्हा कर्तव्य दोन्ही पिढ्यांचे आहे. विश्वस्त मंडळात दोन जागा पस्तिशीच्या आतील भक्तांसाठी राखाव्यात, आणि त्यांपैकी एक स्त्रीची असावी. पहिले वर्ष त्यांनी वडिलांशेजारी बसून कीर्द-खतावणी, जमिनींचे उतारे आणि देणग्यांच्या पावत्या समजून घ्याव्यात. तदनंतर त्यांस सहीचा अधिकार मिळावा. मुदत तीन वर्षांची असावी, म्हणजे जागा कोणाचीही मिरास होणार नाही. वार्षिकोत्सवाच्या दिवशी हिशेब कानडी व मराठी या दोन्ही भाषांतून सर्वांसमक्ष वाचला जावा.

तरुणांनीही हे ओळखावे की मठाचा पैसा हा भक्तांनी पोटास चिमटा घेऊन अर्पिलेला पैसा आहे. संगणकावर हिशेब मांडणे त्यांस सोपे आहे. परंतु प्रत्येक आकड्यामागचा दाता ज्यास ठाऊक आहे, त्या वृद्धाजवळ बसणे तितकेच अगत्याचे आहे. उतावीळपणे जुनी रीत मोडण्यापूर्वी ती का पडली, हे त्यांनी विचारावे. वडिलांनीही या प्रश्नास अवज्ञा न मानता उत्तर द्यावे.

किल्ली मृत्यूनंतर उशाखाली सापडण्यापेक्षा हयातीत हातावर ठेवलेली बरी. ती देणाऱ्यास समाधान आणि घेणाऱ्यास विनय लाभो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.