प्रचारपटांचा वारसा आणि वीरांचे सत्य

(व्याख्यानाचा संपादित अंश)



दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला हिंदुस्थानातून सैनिक हवे होते, द्रव्य हवे होते आणि त्यासाठी जनतेचे मन वळवायचे होते. १९४० साली ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झाले. १९४३ मध्ये त्याची जागा ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ने घेतली. प्रत्येक खेळात सरकारमान्य प्रचारपट दाखविण्याची सक्ती चित्रगृहांवर झाली. कच्च्या फिल्मचा पुरवठाही सरकारच्याच मुठीत होता.

परंतु सक्तीने पडदा ताब्यात येतो, प्रेक्षक येत नाही. १९४३ च्याच ‘किस्मत’मधील गीतात कवी प्रदीप यांनी जर्मनी-जपानची नावे घातली. सेन्सॉरचे समाधान झाले. चालते होण्याचा इशारा खरोखर कोणाला आहे, हे प्रेक्षकांनी अचूक ओळखले.

काही काळ याच बोर्डाचे काम पाहिलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली. जपान शत्रू, चीन मित्र ही मांडणी युद्धप्रचाराचीच. पण केंद्रस्थानी उभा राहिला तो १९४२ मध्ये चीनच्या भूमीवर देह ठेवणारा सोलापूरचा सेवाव्रती डॉक्टर. परक्यांचे साधन स्वकीय आशयासाठी कसे राबवावे, याचा हा वस्तुपाठ होय.

युद्धपटाचा साचाही त्याच काळात घडला. १९४३ च्या ‘बटान’ या अमेरिकी चित्रपटात नाना वंशांच्या मूठभर सैनिकांची अखेरची झुंज आहे. हीच घडण पुढे आपल्या युद्धपटांतही दिसते. १९६२ मध्ये कालच्या मित्राने, चीनने, आक्रमण केले आणि १९६४ मध्ये चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ आला. लडाखच्या बर्फात एकाकी पडलेल्या जवानांचे दुःख त्याने लपविले नाही. पराभवाच्या त्या प्रामाणिक कथेने देशाचे डोळे पाणावले.

साच्याचा मोह मात्र सोपा नसतो. १९९७ च्या ‘बॉर्डर’ने १९७१ मधील लोंगेवालाचा पराक्रम घराघरांत पोहोचविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद. पण त्यात हुतात्मा झालेले दाखविलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड प्रत्यक्षात २०२२ पर्यंत हयात होते. रणात पराक्रम गाजवून सेना पदक मिळविलेल्या वीराला पडद्याने जिवंतपणीच मृत ठरविले! त्यांचे शौर्य मरणाच्या अलंकाराविना उणे होते काय?

परकीय सत्तेला प्रचाराची गरज होती, कारण तिच्यापाशी सांगण्याजोगे सत्य नव्हते. भारताच्या वीरगाथेला ती उणीव नाही. म्हणून मुलांना युद्धपट अवश्य दाखवावेत. मात्र चित्रगृहातून परतल्यावर त्या वीरांचे खरे चरित्रही त्यांच्या हाती द्यावे. कृतज्ञ राष्ट्राने आपल्या वीरांना द्यावयाचा पहिला मान हाच.