खाज सारखी, आजार वेगळे

ताईंनो, अंगावर चट्टा उठला की आपण सरसकट ‘नायटा’ म्हणतो. पण नीट बघा. जांघेत, कमरेला गोल चट्टा, कड लाल, मधे साफ, तर नायटा. तो घरात एकाचा दुसऱ्याला लागतो. दुकानातलं स्टेरॉइडचं मलम लावलंत तर खाज दबते, नायटा पसरतो. रत्नागिरीत काजू सोलणाऱ्यांची बोटं काळी पडून सोलतात, ते टरफलाच्या तेलानं, हातमोजे घाला. कोपर-गुडघ्यावर जाड, चंदेरी पापुद्रे म्हणजे बहुधा सोरायसिस. तो लागत नाही. त्या बाईला बैठकीत वेगळं बसवू नका. आणि फिकट चट्टा, खाज नाही, स्पर्शही कळत नाही? लगेच आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर हातपाय वाचतात.