खारबांध कोणीं राखावा?

(खारपट्टींतील शेतकऱ्यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



अलिबाग, पेण, उरण, पनवेल या बाजूची आपली खारपट्टी म्हणजे समुद्राच्या तोंडून काढून घेतलेली जमीन आहे. उधाणाच्या भरतीचें पाणी आपल्या शेतांहून उंच चढतें. मध्यें चिखलमातीचा एक बांध उभा आहे, म्हणून आपण भात खातों.

हा बांध घातला कोणीं? चिखल कापला कुळांनीं, पाट्या वाहिल्या आपल्या आयाबहिणींनीं, उघाडीचीं दारें केलीं सुतारानें. आणि कागदावर नांव लागलें खोताचें! त्या जुलमाविरुद्ध चरी व आसपासच्या गांवांनीं १९३३ पासून सुमारें सहा वर्षें खोतांचीं शेतें कसलीं नाहींत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल आणलें, आणि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. इकडे १९४८ व पुढें १९७९ सालीं खारजमिनींचे कायदे होऊन बांधांचें काम सरकारी खात्याकडे आलें. येथवर ठीक झालें. पण तेव्हांपासून पुष्कळ गांवें 'तें काम सरकारचें' म्हणून स्वस्थ बसलीं, हें माझें गाऱ्हाणें आहे.

पूर्वीं जोळ होती. ज्यांचीं शेतें एका बांधाआड, त्या साऱ्यांनीं मिळून तो बांध राखावयाचा. खेकड्यानें भोंक पाडलें तर तें पाहणाऱ्यानेंच त्या दिवशीं पायानें चिखल दाबून बुजवावें. तेंच भोंक चार उधाणें तसेंच राहिलें तर तेथें खांड पडते, आणि खांडीला मग शंभर माणसेंही पुरत नाहींत. खात्याकडे अर्ज जरूर करावा, निधि मागावा, तो आपला हक्क आहे. पण अर्जाला महिने लागतात आणि भरती दिवसांतून दोन वेळां येते. बांध फुटल्यावर सत्यनारायण घाला म्हणून सांगणारेही गांवांत निघतात. त्या दक्षिणेंत चिखलाच्या किती पाट्या झाल्या असत्या, याचा हिशेब बायकांनींच घरीं विचारावा.

आतां आंत तुंबणाऱ्या पाण्याविषयीं. उघाडीचें दार ओहोटीला आंतल्या पाण्याच्या रेट्यानें उघडतें व भरतीला बाहेरच्या रेट्यानें मिटतें. दार कुजलें तर खारें पाणी आंत शिरतें. दारापुढें गाळ सांचला तर ओहोटी लागूनही पावसाचें पाणी बाहेर पडत नाहीं. आषाढांतला मोठा पाऊस आणि अमावास्येचें उधाण एकदम आलें म्हणजे दार मिटलेलेंच राहतें. मग पाणी निघावयास ओहोटीचे जे थोडे तास मिळतात, तेवढ्यांत उघाडी व तिच्याकडे येणारा चर साफ असेल तरच रोप वांचतें. कित्येक ठिकाणीं या चरांवर भराव पडून रस्ते व गोदामें झालीं आहेत. तेथें मोरी किती रुंद ठेवली हें गांवानें भराव पडण्यापूर्वींच विचारलें पाहिजे. गोव्याच्या खाजणांतही हेंच दुखणें आहे. तेथें मानशीवरची मासेमारी लिलांवानें जाते, आणि लोभी ठेकेदार माशांसाठीं भरतीचें पाणी शेतांत घेतो. दाराची किल्ली शेतकऱ्याच्याच हातीं असावी, ती यासाठीं.

मिठाचें म्हणाल तर भात कापल्यावर ओल आहे तोंच नांगर फिरवावा. टणक जमिनींतून उन्हाळ्यांत खालचें खारें पाणी वर ओढलें जाऊन पांढरी साय धरते. ढेकळें केलीं म्हणजे तें कमी होतें. पहिल्या पावसाचें पाणी शेतांत कोंडून ओहोटीला सोडावें, मीठ त्याबरोबर जातें. बियाणें काळा रता, भुरा रता किंवा पनवेलच्या संशोधन केंद्राचें खारें सोसणारें घ्यावें.

हें सारें निकडीनें सांगण्याचें कारण ऐका. खांड तशीच राहिली तर भरतीबरोबर कांदळाचें बीं शेतांत येतें. बांधाबाहेरचें कांदळवन आपला राखणदार आहे, तें लाटा मोडतें. त्यास कोणीं हात लावूं नये. पण शेतांत कांदळ माजल्यावर तें तोडतां येत नाहीं. मुंबई हायकोर्टानें २०१८ सालीं कांदळवनाच्या नाशास मनाई केली आहे. सातबारावर नांव आपलें आणि शेत खाडीचें, अशी गत होते. मग दलाल येऊन म्हणतो, 'पडीकच आहे, मिळेल त्या भावानें विका.' खोताच्या तावडींतून सुटलेली जमीन अशी जाणार असेल, तर चरीच्या लोकांनीं इतकीं वर्षें उपास कशासाठीं काढले?

तरी भात घरीं येतांच पहिल्या वद्य अष्टमीस, भांगाच्या भरतीचे दिवस पाहून, जोळ बसवावी. घरटीं एक माणूस, कुदळ व पाटी घेऊन यावें. ज्याच्या घरीं कर्तें माणूस नाहीं, त्या विधवेकडून कांहीं मागूं नये. बांधाचे भाग पाडून प्रत्येक भागास दोन घरें नेमावीं, व त्यांनीं दर उधाणास फेरी मारावी. सुतारबंधूंनीं उघाडीचीं दारें आधीं पाहून ठेवावीं. त्यांची मजुरी जोळीनें रोख द्यावी, जेवणावर भागवूं नये.